आमदारांच्या कार्यालयातून मानवी हक्कांच्या कामात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नऊ वर्षं मराठवाड्यातल्या एका आमदारांकडे होते. सुरुवातीला मतदारसंघातलं टपाल, नंतर अधिवेशनाचं लिखाण. गेली सहा वर्षं ऊसतोड कामगारांची, ॲट्रॉसिटीची आणि कोठडीतल्या मारहाणीची प्रकरणं बघते. फिरणं बहुतेक बीड, परभणी आणि धाराशिव जिल्ह्यांत. महिन्यातून दोन-चार फोन येतातच. कधी कुणाचा तरी पीए असतो, कधी अधिवेशनापुरते प्रश्न लिहून देणारी पोरं, कधी दिल्लीत खासदाराकडे फेलोशिप करून गावी परतलेली एखादी मुलगी. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. आमचे साहेब कोण, हे मात्र विचारू नका. ते अजून राजकारणात आहेत आणि दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचा डबा अजून येतो.

ताई, पीएच्या कामाचा तिकडं काही उपयोग होतो का? की पाटी कोरीच?

होतो, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. तारांकित प्रश्न, म्हणजे आमदारानं सभागृहात मंत्र्याला विचारायचा प्रश्न, ज्यानं लिहिलाय त्याला त्याचा साचा तोंडपाठ असतो. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, याप्रकरणी कोणती कार्यवाही केली’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. खात्याकडून येणारी उत्तरंही पाठ असतात. ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, आणि सगळ्यात खाली ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या उपप्रश्नात गाव, तारीख किंवा आकडा चुकला की खातं ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळं होतं आणि खालचे सगळे उपप्रश्न आपोआप उद्भवेनासे होतात. मी पहिल्या दोन अधिवेशनांत असे सात-आठ प्रश्न वाया घालवले. साहेब काही बोलले नाहीत, पण आकाशवाणी आमदार निवासातल्या त्या रात्री अजून आठवतात.

मानवी हक्क आयोगाकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा न्यायालयात जाणारी तक्रार याच जातीची असते. ‘पोलिसांनी अमानुष अत्याचार केले’ असं लिहिलं की समोरचा एका ओळीत नाकारतो. ‘अमुक तारखेला रात्री नऊ वाजता घरून नेलं, स्टेशन डायरीत नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची आहे’ असं लिहिलं की त्याला दुसरी ओळ लिहावी लागते. ती दुसरी ओळ लिहायला भाग पाडायचं, एवढंच आपलं कसब. विशेषणं कापायची सवय तुम्हाला विधिमंडळ सचिवालयानं फुकट लावलेली असते.

सभागृहातला आकडा किती लांब जातो, याचं उदाहरण बीडचंच देते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका ‘पिशवी काढली’ हे शब्द वर्षानुवर्षं ‘मोतीबिंदू काढला’ म्हणावं इतक्या सहज बोलत होत्या. पाळीमुळं काम बुडालं तर खाडा, खाडा म्हणजे दंड, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, तर आधीच अंगावर. त्यात डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार. २०१९ च्या एप्रिलात हे वर्तमानपत्रांत आलं. पण जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, तेव्हा ते शासनाचं स्वतःचं विधान झालं. ते कुणाला नाकारता येईना. पुढं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आज त्या विषयावर कुणीही अर्ज लिहो, सुरुवात याच आकड्यांपासून करतो. सभागृहात असा प्रश्न गेला की त्याच्यामागं कुठंतरी एक पीए जागलेला असतो.

मग नडतं काय?

मिटवायची सवय.

आमदाराच्या कार्यालयात सकाळी साठ माणसं येतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं ‘काम व्हावं’ लागतं. डीपी जळाली, बदली झाली, पोरगा पोलीस ठाण्यात आहे. फोन लावायचा, ‘साहेबांचं आहे, बघून घ्या’ म्हणायचं, पुढचा माणूस. याला आपल्याकडं कामाचा माणूस म्हणतात, आणि मी कामाची होते.

एक प्रसंग सांगते. बीड जिल्ह्यातलं एक कुटुंब कर्नाटकातल्या एका फडावर अडकलं होतं. नवरा-बायको म्हणजे एक कोयता, सोबत तीन लेकरं. उचल फिटली नाही म्हणून मुकादम सोडेना. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, बाकी टोळ्या गावाला गेल्या तरी यांना गुऱ्हाळावर राबायला ठेवलेलं. म्हातारी आई कार्यालयात येऊन बसली. साहेबांनी दोन फोन केले आणि तिसऱ्या दिवशी कुटुंब घरी. म्हातारीनं नारळ आणला, मी फोटो काढला, तो साहेबांच्या पेजवर टाकला.

या कामात आल्यावर दोन वर्षांनी त्याच तांड्यावर गेले. ते कुटुंब त्याच मुकादमाकडं होतं. कारण कागदावर काहीच झालेलं नव्हतं. तिथल्या महसूल अधिकाऱ्यानं जबाब घेतला नव्हता, पंचनामा नाही, मुक्तता प्रमाणपत्र नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्यानुसार वेठबिगार ठरलेल्या माणसावरचं असलं कर्ज संपतं, ते वसूल करणं हाच गुन्हा आहे. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलांना दोन लाख, फार गंभीर प्रकरणात तीन लाख अशी तरतूद आहे. पण हे सगळं त्या प्रमाणपत्रापासून सुरू होतं. ते नव्हतं, म्हणून उचल जिवंत राहिली आणि दसऱ्याला पुन्हा ट्रक दारात आला. आमच्या फोननं त्यांना घरी आणलं आणि त्याच फोननं त्यांची केस मारली. मी तो फोटो अजून पुसलेला नाही.

आता मी म्हातारीला नारळ आणायला लावत नाही. जबाब होईपर्यंत घरी जाऊ नका म्हणते, आणि ती मला शिव्या घालते. तिचंही बरोबर असतं. लेकरं उपाशी असताना एसडीओची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याची, वाट बघा म्हणणारी बाई कुणाला आवडेल?

लोक विश्वास ठेवतात का? ‘साहेबांचा माणूस’ हा शिक्का पुसतो का?

लवकर नाही. पहिलं वर्षभर लोक मला काम सांगायचे आणि तक्रार लपवायचे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, ते बहुतेक साहेबांच्याच बैठकीतले. तालुक्यात चार घराणी, दोन कारखाने आणि एक बँक. कुठंही हात घाला, ओळखीचा निघतो.

मला उपयोगी पडलं ते असं: पहिली दोन वर्षं स्वतःच्या मतदारसंघाबाहेर काम केलं. आणि साहेबांच्या विरोधकाची प्रकरणं मुद्दाम शोधली नाहीत. तसं केलं की लोक समजतात, पाठवलंय. उलट साहेबांच्या गटातल्या एका सरपंचाविरुद्ध ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायला पीडितेसोबत ठाण्यात बसले, त्या दिवसापासून वस्तीवरच्या बायका माझ्यासमोर मोकळ्या बोलायला लागल्या. फराळाचा डबा त्या वर्षी आला नव्हता. पुढच्या वर्षी आला.

वकिली करावी लागते का?

नाही. पण केली तर हात लांब होतो. पदवीनंतर तीन वर्षं. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडलाही सोय आहे, आणि उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आपल्या आठही जिल्ह्यांसाठी आहे. म्हणजे रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. मी एलएलबी चाळिशीजवळ आल्यावर केलं आणि अजून वकिली करत नाही.

त्याआधी स्वस्तातली वाट म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक व्हा. १९८७ च्या कायद्यानं बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन. पीए असताना मी एकालाही हे सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

समाजकार्याची पदवी हवी असेल तर पुण्या-मुंबईला पळायची गरज नाही, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर तुळजापुरातच आहे.

कायदे कोणते वाचू?

जास्त नाही वाचायचे, पण नियम सोडायचे नाहीत. आपल्याकडं सगळे कायद्याचं नाव घेतात आणि नियम कुणी उघडत नाही.

ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे नियम ७ मध्ये आहे. साठ दिवसांत दोषारोपपत्र, हेही तिथंच. २०१८ मध्ये आलेलं कलम १८-अ म्हणतं की गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आता आठवा, आपण कार्यालयातून किती वेळा फोन केला असेल, ‘आधी चौकशी करा, मग बघू’. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे. फोन करणाऱ्या पीएसाठी वेगळं कलम नाही, आपलं नशीब.

आणि नियम १७. जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी, तीन महिन्यांतून निदान एक बैठक. तिथं प्रत्येक प्रकरणाचा तपास, मदतीची रक्कम, खटला कुठं अडलाय हे बघायचं असतं. सदस्यांमध्ये जिल्ह्यातले खासदार आणि आमदार आहेत! बैठकीची नोटीस आमच्या टपालात यायची. मी त्यावर पेन्सिलीनं ‘दौरा’ लिहायचे आणि फायलीला लावायचे. नऊ वर्षांत साहेब त्या बैठकीला किती वेळा गेले, हे मला विचारू नका. मीच पाठवलं नाही.

कोठडीचं प्रकरण आलं तर डी. के. बसू निकाल, १९९६. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं त्यात आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करणं ही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधली गोष्ट. कोठडीत मृत्यू झाला तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ते कळवलं का हे लगेच विचारा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कलमांचे आकडे बदललेत. जुनी टिपणं असतील तर फेकून द्या.

मजुरीच्या प्रकरणांसाठी अनुच्छेद २३. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितलं. फडावर साखळदंड दिसत नाही म्हणून ‘वेठबिगारी नाही’ असा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला हा निकाल दाखवायचा.

जमिनीचं येईलच. मराठवाड्यात मानवी हक्क म्हटलं की गायरान आलं. एकनाथ आवाड यांनी बीडमधून मानवी हक्क अभियान उभं केलं ते भूमिहीन दलितांच्या हातात गायरान यावं म्हणून. असा कबजा नियमित करण्याच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयातली १४ एप्रिल १९९० ही तारीख लक्षात ठेवा. त्याआधीचा कबजा दाखवायला गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीतली नोंद, दंडाची पावती, जुना पंचनामा शोधावा लागतो. तलाठ्याकडून कागद काढायचं कौशल्य पीएला कुणी शिकवायला नको.

आयोगाकडे तक्रार कशी करायची?

साध्या कागदावर, मराठीत, फी नाही, वकील नाही. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, राष्ट्रीय आयोग दिल्लीत. दोन्ही १९९३ च्या कायद्याखालचे. त्या कायद्याचं कलम ३६ भिंतीवर चिकटवा. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, आणि राज्य आयोगापुढं असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग घेत नाही. म्हणजे दोन्हीकडं एकदम अर्ज टाकून हुशारी होत नाही.

पीएंची आणखी एक खोड आहे. पत्राखाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून राष्ट्रपतींपासून तहसीलदारांपर्यंत अकरा नावं. आयोगाला नुसती प्रत पाठवली तर ती तक्रार धरत नाहीत. अर्ज त्यांच्याच नावानं हवा.

आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्याला आहेत, पण शेवटी तो शिफारस करतो. भरपाई द्या, कारवाई करा. शासनानं ती मानली नाही तर उच्च न्यायालय. पक्षकाराला हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो समजतो की दिल्लीहून कुणीतरी येऊन फौजदाराला बेड्या घालणार आहे.

एक संघटना ‘मानवाधिकार तालुका अध्यक्ष’ म्हणून ओळखपत्र देतेय, गाडीला पाटीपण. घेऊ का?

नको. आयोगाला तालुका अध्यक्ष नसतो, जिल्हा अध्यक्ष नसतो, गाडीची पाटी तर नसतेच. पैसे परत मिळाले तर मला कळवा, मला अजून असा एकही माणूस भेटलेला नाही.

पैशाचं काय?

कमी होतात. पगारापेक्षा जास्त झोंबतं ते दुसरंच. शासकीय विश्रामगृहातली खोली, तहसीलमध्ये पुढं येणारी खुर्ची, दवाखान्यात रांगेशिवाय नंबर. पहिल्या महिन्यात मी आईला घेऊन सरकारी दवाखान्यात तीन तास रांगेत बसले आणि मला राग कशाचा आला ते सांगायची लाज वाटते.

संस्थेत नोकरी मिळाली तरी प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो, तो संपला की पुन्हा शोधाशोध. सहा महिन्यांचा खर्च गाठीला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेत जाणार असाल तर आणखी एक बघा: परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यातलं कलम ३ आमदार-खासदार, उमेदवार आणि पक्षाचे पदाधिकारी यांना परदेशी निधी घेऊ देत नाही. साहेबांच्या आग्रहानं तुम्ही युवक आघाडीचं सरचिटणीसपद घेतलेलं असेल तर लेखी राजीनामा द्या आणि पोच जपून ठेवा. आणि साहेबांना विश्वस्त मंडळावर घेऊ नका, कितीही प्रेमानं म्हणाले तरी.

कार्यालयातले कागद सोबत नेऊ का? उपयोगी पडतील.

लोकांचे अर्ज तुमचे नाहीत, ते त्यांनी साहेबांना विश्वासानं दिलेले होते. सोडा. छापील प्रश्नोत्तरं, पटलावर ठेवलेले अहवाल हे सगळ्यांचंच आहे, ते वापरा. बाकी हवं ते माहितीच्या अधिकारात मागा.

घरच्यांना काय सांगायचं?

मी सांगितलं, बदली झाली. दीड वर्ष चाललं.

मुलीला हे काम झेपेल का?

हा प्रश्न मुलींचे वडील विचारतात. नऊ वर्षं मी पुरुषांनी भरलेल्या गाडीत मधल्या सीटवर बसून दौरे केले. आता एसटीनं जाते, खिडकी मिळते.

धोका किती?

आहे. एकट्यानं ठाण्यात जाऊ नका. जाताना कुणाला तरी किती वाजता जातोय हे मेसेजवर लिहून ठेवा. आवाज चढवू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा हा आपल्यावर पडणारा सगळ्यात सोपा गुन्हा, आधी भादंवि ३५३ होता, आता न्याय संहितेचं कलम १३२. पण खरा धोका आपल्यापेक्षा फिर्यादीला असतो. आपण संध्याकाळी गाव सोडतो, तिला तिथंच झोपायचं असतं, त्याच पाणवठ्यावर जायचं असतं. ॲट्रॉसिटीच्या कायद्यातलं साक्षीदार आणि पीडितांच्या संरक्षणाचं कलम १५-अ त्यासाठी आहे. फिर्यादीसोबतच तो अर्जही द्या, हल्ला झाल्यावर नको.

विधिमंडळाशी संबंध तोडायचा का?

मुळीच नाही. लक्षवेधी कधी लागते, विनंती अर्ज समितीकडं काय जातं, आश्वासन समिती मंत्र्याच्या शब्दाचा पाठपुरावा कसा करते, हे संस्थांमधल्या शंभरात दोघांनाही माहीत नसतं. अधिवेशनाआधी चांगला लिहिलेला प्रश्न दोन वेगळ्या पक्षांच्या आमदारांकडं द्या. त्यांच्या पीएला तयार मजकूर मिळाला की तो खूश, हे तुमच्यापेक्षा कुणाला जास्त कळणार?

फक्त एक भ्रम उतरवून ठेवावा लागतो. सभागृहात काम केलेल्याला ठराव झाला की काम झालं असं वाटतं. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर लगेच मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं कोणत्या कामकाजपत्रिकेवर होती? माझे वडील त्या वेळी शाळामास्तर होते, सवर्ण वस्तीत राहायचे आणि त्या दिवसांबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. मी हे काम धरलं तेव्हा पहिल्यांदा बोलले, तेही अर्धवट.

परत जावंसं वाटलं तर?

जा. इकडं आलेल्या पीएंपैकी दोघं परत गेले. त्यातला एक आता ज्या आमदारांकडे आहे, त्यांचे प्रश्न वाचण्यासारखे असतात.

ताई, ते सगळं ठीक. पण उद्या सकाळी नेमकं काय करू?

राजीनामा देऊ नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहा, जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. पत्ता: जन माहिती अधिकारी, सहायक आयुक्त समाजकल्याण, तुमचा जिल्हा. मागायचं एवढंच: ॲट्रॉसिटीच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्या बैठकांची इतिवृत्तं आणि उपस्थितीची पानं. नियमाप्रमाणं आठ यायला हवीत. उत्तराला तीस दिवस. कमी आली, किंवा ‘निरंक’ आलं, तर तुमचं पहिलं काम मिळालं. आठही आली तर उपस्थितीच्या पानावर तुमच्या साहेबांच्या नावापुढं काय आहे ते बघा.

अर्ज आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. तिथला लिपिक तुम्हाला ओळखत असेल. ‘साहेबांचं आहे का?’ असं विचारेल. नाही म्हणा.